नांगर उत्तम होता, गिऱ्हाईक कुठं होतं?

मैत्रिणींनो, गेल्या भाद्रपदात आमच्या बचत गटाच्या खोलीतले तीन मोठे पत्र्याचे डबे उघडले आणि आम्ही सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. येसराला जाळी धरली होती. खारोड्यांना कुबट वास सुटला होता. कुरडया तेवढ्या बऱ्या होत्या, पण त्याही विकत कोण घेणार हा प्रश्न होताच. सेलू तालुक्यातलं एक लहानसं गाव, चौदा बायकांचा गट. उन्हाळ्यात भर दुपारी माळवदावर उभं राहून त्यांनी हा माल केलेला. कर्जाचा हप्ता डोक्यावर. एकीनं तर गळ्यातली पोत गहाण ठेवून आपला वाटा घातला होता. ती काही बोलली नाही. नुसती डब्याचं झाकण पुसत बसली.

मला जास्त लागलं ते यासाठी की चूक माझी होती. माल चांगला करा, तो आपोआप खपतो, असं मीच त्यांना बजावून सांगितलं होतं. माल खरोखर चांगला होता. तालुक्याच्या प्रदर्शनात तीन दिवस आम्ही स्टॉल लावला, तेव्हा लोकांनी चाखून पाहिलं, वाहवा केली आणि पुढं गेले. जातील नाही तर काय? आपल्या परभणी जिल्ह्यात कोणत्या घरात येसर नाही? ज्यांच्या घराच्या गच्चीवर वैशाखात कुरडया वाळतात, त्यांनाच आम्ही कुरडया विकायला बसलो होतो!

त्याच आठवड्यात महालक्ष्म्यांसाठी मानवत तालुक्यात माहेरी गेले. गोठ्याच्या मागं, भिंतीला टेकून आजोबांचा जुना लोखंडी नांगर पडलेला आहे. लहानपणी त्यावर बसून आम्ही घोडा घोडा खेळायचो. गंज चढलाय, तरी त्याच्यावरची किर्लोस्कर ही अक्षरं बोटांना लागतात. आमच्या भागात विहिरीवरच्या इंजिनालाही बरेच जण नुसतं किर्लोस्करच म्हणायचे. पण ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं हे नाव, त्यांचा पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली होती, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. परत आल्यावर वाचनालयातून त्यांच्याविषयीची पुस्तकं आणली आणि रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की वाचत बसले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरात पोथ्या-पुराणं, आणि या मुलाचं डोकं मात्र चित्रात आणि यंत्रात. शाळेत मन रमेना. वडिलांना अर्थातच ते आवडलं नाही, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथं कळलं की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरक ओळखता येत नाही. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला हे कळावं! दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं काढायचं शिक्षण पुरं केलं. पुढं मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. आज सायकलचं कुणाला कौतुक नाही, पण तेव्हा ती ७०० ते १००० रुपयांना मिळायची. म्हणजे लक्ष्मणरावांचा पंधरा-सोळा महिन्यांचा सगळा पगार ओतला तर एक सायकल. तरी त्यांनी सायकलीचा धंदा मनावर घेतला. मुंबईहून ते सायकली पाठवत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकत. १८८८ हे साल किर्लोस्करांच्या व्यवसायाचा आरंभ म्हणून सांगितलं जातं ते यामुळंच. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. सायकल विकताना रामूअण्णा गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवत आणि त्याचे १५ रुपये घेत. हजार रुपये मोजणाऱ्या माणसाला चार लोकांत पडायची भीती असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. गिऱ्हाईक मूठभर, पण कोण आहे, खिशात काय आहे आणि मनात काय आहे, ते माहीत होतं.

नोकरीत लक्ष्मणरावांची बढती डावलली गेली आणि ती जागा दुसऱ्याला दिली गेली. १८९७च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथं दोघा भावांचं सायकलचं दुकान होतं, तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो. पवनचक्क्या विकायचाही प्रयोग त्यांनी केला. पण सायकल काय, पवनचक्की काय, दोन्ही परदेशातून आलेल्या वस्तू, आणि घेणारे थोडे. लक्ष्मणरावांना स्वतःच्या हातानं काही घडवायचं होतं, आणि ते अशा माणसासाठी की जो आजूबाजूला हजारोंनी आहे. असा माणूस म्हणजे शेतकरी.

पहिलं यंत्र निघालं ते कडबा कापायचं. जनावरापुढं अख्खी पेंडी सोडून टाकली की ते पाला खातं, जाड धाटं तुडवतं, आणि सकाळी गोठा झाडताना निम्मं वैरण उकिरड्यावर जातं, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. गोठा झाडणारी बाईच असते! तोच कडबा बारीक कापून घातला की दावणीत काही उरत नाही. या यंत्राचा फायदा दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांना दिसतो.

नांगराचं तसं नव्हतं.

आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या काळी लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल लागायचे. आपली काळी जमीन चिकट, उन्हाळ्यात दगडासारखी होते. एवढे बैल एका घरी नसत, मग इर्जिक घालून शेजाऱ्यांचे आणायचे, त्यांना जेवायला घालायचं. लोखंडी नांगर थोड्या बैलांत जास्त खोल जाणारा. इंग्लंडहून असे नांगर येत होतेच. तसा, पण आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना झेपेल असा नांगर लक्ष्मणरावांनी घडवला. घडवला उत्तम. मांडून ठेवला. आणि कुणी घेईना!

कारण काय, तर लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी लोकांची पक्की समजूत होती. आपण शहाण्या लोकांनी यावर हसू नये. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. कडब्याचं यंत्र बिघडलं तर फार तर चार पेंड्या वाया जातील. नांगरानं जमीन नासली तर? वर्षाचं पीक गेलं, पोरीचं लग्न लांबलं, सावकार दारात. ज्याच्याकडं एवढी एकच जमीन आहे, त्यानं तिच्यावर प्रयोग का करावा? त्याचं नाही म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं, हिशेबाचं होतं.

दोन वर्षं गेली. लक्ष्मणरावांच्या घरातल्या बायकांनी ती दोन वर्षं कशी काढली असतील, हा विचार वाचताना माझ्या मनातून जाईना. भांडवल लोखंडात अडकलेलं. अंगणात नांगर. पत्नी राधाबाई. चरित्रांमध्ये अशा जागी बायकांविषयी दोन ओळी असतात. आमच्या गटातल्या बाईची पोत मला आठवली.

शेवटी पहिला नांगर गेला आणि मग हळूहळू बाकीचे. आता हे कसं घडलं याबद्दल माझं जे मत झालं ते सांगते, पटतं का बघा. शेतकरी हे एक गिऱ्हाईक नाहीच. दोन एकर कोरडवाहूवाला वेगळा आणि बागायतवाला वेगळा. नवी वस्तू आधी तोच घेणार, ज्याला एक वर्ष फसलं तरी सोसवतं, ज्याच्याकडं स्वतःचे बैल आहेत, ज्याला ऊस लावायचा म्हणून जमीन खोल नांगरायचीच आहे. त्याच्या शेतात उभं पीक दिसलं की बांधावरचा दुसरा विचारायला येतो. लहान शेतकऱ्याला आपण हजार वेळा समजावलं तरी तो ऐकायचा नाही, पण शेजाऱ्याचं शेत त्याला पटतं. म्हणजे पहिला गिऱ्हाईक कोण, हे शोधणं हेच मोठं काम. मार्केटिंग शिकवणारे याला टार्गेट मार्केट म्हणतात. आपण साध्या भाषेत म्हणू, की हा माल नेमका कुणाच्या घरात जाणार, त्या घराचा उंबरा आधी ओळखा.

नांगर चालू लागला तोवर दुसरं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. त्याच सुमारास औंधच्या यमाई देवीच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांकडं आलं, त्यामुळं औंधच्या संस्थानाशी ओळख झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे तेच. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जागा दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जागा कसली, माळरानच. फड्या निवडुंग आणि साप. मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथं राहायला गेले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

लोक ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला तिच्यात आणखी एक दिसतं. बेळगाव हे शहर होतं. आता कारखान्याच्या दारात कृष्णाकाठचा मुलूख आला. ऊस, भुईमूग, हळद पिकवणारा, विहिरींचा मुलूख. पुढं किर्लोस्करवाडीतून काय काय निघालं बघा, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप. शेजारी जे पिकतं आणि शेजाऱ्याला जे अडतं, तेच कारखान्यात घडू लागलं. ठरवून गेले नव्हते, जागा गेली म्हणून गेले होते. पण गिऱ्हाइकाच्या शेजारी राहायला गेल्यावर त्याला काय हवंय ते वेगळं विचारावं लागत नसणार. शिवाय रेल्वे दारात, म्हणजे लोखंड आत येणार आणि नांगर बाहेर जाणार.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर येणं अवघड झालं, तशी देशी नांगराला मागणी वाढली. कच्च्या लोखंडाची आणि कोळशाची मात्र टंचाई. त्यातूनही कारखाना तगला आणि १९२० साली त्याची पब्लिक लिमिटेड कंपनी झाली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती आपल्या पुरवणीच्या वाचकांना जवळची वाटेल. लक्ष्मणरावांचे भाऊ डॉक्टर वासुदेवराव सोलापुरात असत. त्यांचा मुलगा शंकरराव लाहोरला पंडित सातवळेकरांकडं चित्रकला शिकून आलेला. जाहिरातीचं काम त्याच्याकडं होतं. त्यानं १९२० मध्ये किर्लोस्कर खबर नावाचं मासिक काढलं. उद्देश काय, तर कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी. हळूहळू त्यात कथा आल्या, लेख आले, आणि जाहिरातीसाठी काढलेलं पत्रक घरातलं मासिक होऊन बसलं. मग शंकररावांच्या लक्षात आलं की घरात ते वाचणारे सगळे सारखे नाहीत. घरातली बाई हा वेगळाच वाचक आहे. १९३० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिच्यासाठी स्त्री मासिक सुरू केलं आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी मनोहर. माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेत स्त्रीचे काही जुने अंक अजून आहेत, लुगड्यांच्या घडीत जपलेले. नांगर विकणाऱ्यांच्या घरात ते जन्मलं, हे त्यांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

बाकीचं थोडक्यात सांगते. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून १९२६ मध्ये परतला आणि त्यानं कारभार वाढवला. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, जिची इंजिनं आपल्या विहिरींवर धडधडत राहिली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं.

आता पुन्हा आमच्या गटाकडं येते. पुस्तक वाचून झाल्यावर मी बैठक बोलावली आणि लक्ष्मणरावांच्या दोन वर्षांची गोष्ट सगळ्यांना सांगितली. खरं सांगते, माल टाकून द्यावा लागल्यावर चौदापैकी एक बाई गट सोडून गेली होती. तिला मी दोष देत नाही. उरलेल्या तेरा जणींनी या वर्षी फाल्गुनात भट्टी पेटवायच्या आधी एक वही उघडली. माल कोणता करायचा हे लिहायचं नाही, कोण घेणार ते लिहायचं, असं ठरलं.

पहिल्यांदा कुणीतरी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या होस्टेलची मुलं सांगितली. पण ती मेसमध्ये जेवतात, आमटी करणार कुठं? खोडलं. मग शहरातल्या शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या बायका. त्यांना वेळ नसतो, पण पैसे देताना घरी सासूबाईंना विचारतात, आणि सासूबाई म्हणतात विकतचं कशाला. म्हणजे वस्तू वापरणारी एक आणि ठरवणारी दुसरी! तिथं सासूबाईंनाच चव द्यायची असं ठरलं. ज्यांची पोरं-सुना पुण्याला कारखान्यांत कामाला आहेत अशी घरं आमच्याच गावात एकोणीस निघाली. त्यांच्या तिथं ना माळवद, ना भाजायला जागा. आणि सगळ्यात शेवटी, घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्या एका बाईनं विचारलं की लग्नात येसराची आमटी करणारे आचारी येसर आणतात कुठून? आम्ही एवढ्याजणी आणि हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं.

कुरडया बंद केल्या. खारोड्या निम्म्यावर आणल्या. येसर वाढवलं आणि किलोच्या पिशवीऐवजी पाव किलोचं पाकीट केलं, कारण पुण्याच्या दोन खोल्यांत किलोभर येसर संपत नाही. आत एक चिठ्ठी, आमटी कशी करायची त्याची. तिकडच्या नव्या सुनांना ती येत नाही, आणि विचारायची लाज वाटते. सायकल शिकवायचे १५ रुपये रामूअण्णांनी घेतले होते, आम्ही चिठ्ठीचे काही लावले नाहीत.

पहिली दोन पोती रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेली. दोन आचाऱ्यांनी नमुना घेतला, एकानं पुढची ऑर्डर दिली, दुसऱ्यानं तिखट कमी पडतं म्हणून परत पाठवला. त्याच्यासाठी वेगळा घाणा करायचा का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. आणि पोत अजून सुटलेली नाही. आचाऱ्याचे पैसे लग्नसराई संपल्यावर येणार आहेत.